जिवाणू कामाला, माणूस मात्र ॲसिडात

मोटारीच्या धुरातील विष कमी करणाऱ्या उत्प्रेरकात पॅलेडियम हा महाग धातू असतो. ब्रिटनच्या बर्मिंगहॅम विद्यापीठात लिन मॅकास्की व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, काही जिवाणू टाकाऊ द्रावणातले पॅलेडियम नॅनोकणांच्या रूपात अंगावर जमवतात आणि तेच कण पुन्हा उत्प्रेरकाचे काम करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये बुरशीकडून चांदीचे नॅनोकण करवून घेतले.

या विज्ञानाचे आम्ही स्वागत करतो. पण धातू विरघळवायला आधी सहसा ॲसिड लागते, आणि सीलमपूर, मुरादाबादच्या भंगारात ते ॲसिड कष्टकऱ्यांचे हात जाळते. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले ज्ञान पेटंटात का अडकावे? बंद टाक्या, जिवाणू आणि प्रशिक्षण भंगार कामगारांच्या सहकारी संस्थांना द्या, अशी आमची मागणी आहे.