खुर्ची आणि अब्रू

लोकमान्य टिळकांचा पहिला तुरुंगवास राजद्रोहाचा नव्हता, अब्रुनुकसानीचा होता. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'ने आरोप केले. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ साली डोंगरीचे १०१ दिवस चुकले नाहीत.

यवतमाळातून साप्ताहिक म्हणून निघालेल्या 'लोकमत'ची गोष्ट उलट. १९८४ साली सरकारी निधीच्या अपहाराबद्दल विधानसभेत प्रश्न आला, मंत्र्यांनी उत्तरात नावे सांगितली आणि ती या दैनिकात छापून आली. संपादक जवाहरलाल दर्डा यांच्यावर फौजदारी फिर्याद झाली. सभागृहाच्या कामकाजाचे खरे वृत्त ही बदनामी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९८ साली! बातमी खरी, तरी चौदा वर्षांचा फेरा.

मोठ्या दैनिकाला वकील परवडतो. उमरखेड-आर्णीकडचा वार्ताहर हाच पेपरचा एजंट आणि जाहिराती गोळा करणाराही तोच. घरकुलाच्या यादीतला घोळ त्याने छापला आणि समन्स आले, की तारखा पडू लागतात. वकिलाची फी, जामीनदार, बुडालेला दिवस. पुढची बातमी तो लिहीतच नाही.

१९९४च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोल साधला होता. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दलचा मजकूर चुकीचा निघाला, तरी वाजवी खातरजमा करून लिहिणाऱ्याला भरपाई द्यावी लागत नाही. खऱ्याखोट्याची पर्वाच केली नसेल, तर द्यावी लागते. पण हा दिलासा दिवाणी दाव्यापुरता. फौजदारी बदनामीची तरतूद २०१६ साली न्यायालयाने वैध ठरवली. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेसह.

अब्रू खुर्चीवरच्या माणसालाही असते. २००८ साली एका वाहिनीने घोटाळ्याच्या बातमीत भलताच, निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा फोटो दाखवला. पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटींची भरपाई ठोठावली. आकडा अफाट, पण दाद मिळाली ती दिवाणी वाटेनेच.

आमचे म्हणणे एवढेच : जनतेच्या पैशातून पगार घेणाऱ्याने कामावरच्या टीकेसाठी फौजदारीची वाट धरू नये. खुलासा पाठवावा, नुकसान झाले असेल तर दिवाणी दावा लावावा. लिहिणाऱ्यानेही कागद तपासावेत, दुसरी बाजू विचारावी, चुकले तर दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी.

या अंकात कापूस खरेदी, पीकविमा आणि नगरपालिकांच्या कारभारावर नावानिशी लिहिले आहे. कागद पाहून आणि संबंधितांचे म्हणणे घेऊनच ते छापले. तरी कोणाला खटकले, तर अवश्य लिहा. तुमचे पत्रही छापू.