कॉइल टाका म्हणे!

इंग्लंडात जुनी रेंज रोव्हर बाळगणाऱ्या माणसाला न मागता मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: "ते एअर सस्पेन्शन काढून टाक बाबा, सरळ कॉइल स्प्रिंग बसव!" १९९४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीबद्दल, म्हणजे 'पी-३८'बद्दल, तर हे इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी कारणही विचारत नाही. (कंपनी २००८ पासून टाटांची, त्यामुळे घरच्यांना मात्र गाडी 'आपलीच' वाटते. :))

माझं मत बरोब्बर उलटं आहे. पण आधी ही भानगड काय आहे ते बघू. बॉनेटखाली एक छोटा कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक, हवा साठवायची एक टाकी, चार कोपऱ्यांत चार रबरी फुगे आणि प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर. या सगळ्यांचा मुकादम म्हणजे सीटखाली बसलेला कंट्रोलर. बस्स.

आता गंमत बघा. रात्री नीट लावलेली गाडी सकाळी चारही बाजूंनी बसलेली दिसते. गॅरेजवाला म्हणतो, चारही फुगे गेले. पण हा मुकादम गाडी बंद असतानाही साधारण दर सहा तासांनी जागा होतो आणि जो कोपरा सगळ्यात खाली असेल त्याच्या पातळीला बाकीचे तीन आणून ठेवतो. म्हणजे गळती एकीकडे आणि बसते अख्खी गाडी! सीटखालचा टायमर रिले एक रात्र काढून ठेवा, की खरा गुन्हेगार एकटाच खाली गेलेला सापडतो. मग साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे शोधायचे. माझ्या गाडीत फक्त मागचा डावा फुगा म्हातारा झाला होता. चाराचं एस्टिमेट एकावर आलं.

'कॉइल टाका' ऐकलं की मला आपल्या धंद्यातल्या मीटिंगा आठवतात. नवा माणूस जुना कोड बघतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, हे सगळं फेकून नव्याने लिहू. अहो, पण फेकताय काय ते तरी बघा! हायवेवर ही गाडी आपणहून खाली बसते, खडबडीत वाटेवर उंच होते, डिकी भरली तरी मागून झुकत नाही. कॉइल टाकली की हे सगळं गेलं.

अर्थात ज्याला रोज सकाळी आठला याच गाडीने कामावर जायचंय त्याने कॉइल टाकली तर मी नावं ठेवणार नाही. आणि घरी करायचं म्हणजे वाट्टेल ते करायचं नाही. फुग्यांवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका; हवा गेली की दोन टनांहून जड धूड अंगावर येईल. चासीला भक्कम स्टँड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. या गाडीच्या ब्रेकमध्ये पंपाने साठवलेला जबरदस्त दाब असतो, ते काम जाणकारावरच सोडावं.

पण माझा खरा मुद्दा पान्यांचा नाहीच, माहितीचा आहे. मोठा फॉल्ट आला की हा कंट्रोलर कुलूप लावून बसतो आणि दुरुस्ती केली तरी फॉल्ट पुसल्याशिवाय गाडी उठत नाही. पूर्वी त्यासाठी डीलरच्या यंत्राकडे जावं लागे. पुढे काही हौशी लोकांनी सॉफ्टवेअर लिहिलं. आता एक केबल आणि जुना लॅपटॉप पुरतो. ते नसतं तर माझा बदललेला फुगा असून नसल्यासारखाच होता.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली गाड्यांची ही माहिती खुली करण्याच्या बाजूने कौल दिला. भारत सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या यादीतही गाड्या आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आजच्या गाड्यांत तर एक नाही, डझनावारी मुकादम आहेत. पैसे मोजून घेतलेली गाडी काय कुरकुरते आहे हे वाचण्याचा हक्क मालकाला नसेल, तर ती त्याची कसली? तो फक्त हप्ते भरतो.


तेव्हा कॉइल टाकायची तर खुशाल टाका. फक्त आधी एक रात्र तो रिले काढून बघा.