संगणकाची पत्रिका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या संगणकप्रणालीची नेहमीची साहाय्यमुदत संपली, आणि तिची पुढची आवृत्ति न चालणारीं कित्येक धडधाकट यंत्रें अडगळींत गेलीं. आमच्या घरचा दहा वर्षांचा लॅपटॉप त्यांपैकींच एक. तो भंगारांत घालणें जिवावर आलें, म्हणून त्यावर ओपनबीएसडी ही अपरिचित प्रणाली बसविण्याचें आम्हीं मनावर घेतलें. थिओ डी राड्ट यांनीं ती १९९५ सालीं नेटबीएसडीपासून वेगळी काढली. सुरक्षिततेविषयीं तिचा लौकिक मोठा असून ती विनामूल्य मिळते.

प्रणाली बसली, परंतु वायफाय चालेना. दोन दिवस तीच उठाठेव करून आम्ही अखेर यंत्राला दोष देऊन मोकळे झालों. त्याहून मोठी चूक निराळीच होती. संपूर्ण डिस्क नव्या प्रणालीच्या स्वाधीन करण्याचा पर्याय आम्हीं बेधडक निवडला होता, आणि त्या डिस्कवर आमच्या तीर्थरूपांनीं उतारवयांत जुळवून ठेवलेला कुलवृत्तांत होता! सूनबाईंनीं आदल्याच दिवशीं, आम्हांस न विचारतां, त्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली होती, म्हणून तो वांचला. तेव्हां हें लिहिणें पांडित्याचें नसून कबुलीचें आहे.

लग्नापूर्वीं पत्रिका पाहणारे आपण लोक. येथें मात्र अक्षता पडल्यावर गुण जुळवूं लागतों. वास्तविक संगणकाची पत्रिका पाहणें सोपें आहे. पेन ड्राइव्हवरून ही प्रणाली सुरू केली कीं ‘इन्स्टॉल’बरोबर ‘शेल’ असाहि पर्याय पुढें येतो. तो निवडून ‘डीमेसेज’ ही आज्ञा द्यावी. डिस्कला धक्का न लागतां यंत्रांतील भागांची यादी दिसते. वायफायच्या चिपपुढें ‘नॉट कॉन्फिगर्ड’ असा शेरा असेल, तर तिला चालविणारा ड्रायव्हर मिळालेला नाहीं असें समजावें.

अशा वेळीं प्रणाली पुन्हां पुन्हां बसविणें व्यर्थ होय. प्रत्येक ड्रायव्हरच्या माहितीपानावर त्याला चालणाऱ्या चिपांची नांवें असतात. त्यांतली चिप असलेलें यूएसबी उपकरण घ्यावें. खोक्यावरील नांवावर विसंबूं नये. नांव तेंच राहून आंतली चिप बदललेली असूं शकते.

कधीं ड्रायव्हर असतो, पण चिपमध्यें भरावयाचें फर्मवेअर नसतें. परवान्याच्या अटींमुळें पुष्कळ फर्मवेअर मूळ संचांत घालतां येत नाहीं. तें इंटरनेटवरून आणावयाचें, आणि इंटरनेट तर त्यावांचून मिळेना! येथें संगणक तारेनें राउटरला जोडावा, किंवा मोबाइलचें इंटरनेट यूएसबी तारेनें घ्यावें, आणि ‘एफडब्ल्यू-अपडेट’ ही आज्ञा द्यावी. आमचें दुखणें हेंच निघालें. दोन दिवसांचा त्रागा पांच मिनिटांत मिटला.

कांहीं उणिवांस मात्र इलाज नाहीं. ब्लूटूथची व्यवस्था या प्रणालींतून २०१४ सालींच काढून टाकण्यांत आली. जिला ब्लूटूथवांचून करमत नाहीं अशा मंडळीनें दुसरें स्थळ पाहावें, हें बरें.

आधीं कागदपत्रांची नक्कल, मग पत्रिका आणि सर्वांत शेवटीं अक्षता, हा क्रम वाचकांनीं मोडूं नये. यंत्र दुसरें मिळेल. वडिलांनीं लिहून ठेवलेलें पुन्हां मिळणार नाहीं.