ऑक्सफर्ड ते केंब्रिज, व्हाया लंडन

मुलीकडे ऑक्सफर्डला मुक्काम होता. आलोच आहोत तर केंब्रिजही पाहून यावे, असे मनात आले. नकाशावर सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर. विलायतेत आगगाडीला काय तोटा! मुलगी हसली. "बाबा, आधी लंडनला जायचं!"

वही घेऊन बेत आखायला बसलो. ऑक्सफर्डहून पॅडिंग्टन, सुमारे एक तास. तिथून भुयारी रेल्वेने किंग्ज क्रॉस. मग केंब्रिजची गाडी, आणखी पाऊण-एक तास. गाड्या बदलण्याची धावपळ धरून अडीच तास. पुण्याहून नाशिकला रेल्वेने कल्याणवरून जावे, तशी गत!

थेट मार्ग एके काळी होता, ब्लेचली आणि बेडफर्डवरून. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारी मंडळी ब्लेचलीला बसवली, त्याचे एक कारण हेच, की दोन्ही विद्यापीठांतले विद्वान तिथे गाडीने सहज पोचत. १९६७ साल सरताना या मार्गाच्या दोन्ही टोकांची प्रवासी वाहतूक बंद झाली. ब्लेचली-बेडफर्डचा मधला तुकडा तेवढा उरला. कारण एकच: परवडत नाही.

हे शब्द माझ्या ओळखीचे. बँकेत असताना एका खेड्यातली तोट्यातली शाखा शेजारच्या शाखेत विलीन करावी, असे टिपण मीच लिहिले होते. आकडे बिनचूक होते. पण पेन्शनसाठी एसटीने परगावी जाणाऱ्या म्हाताऱ्यांचे भाडे त्यात कुठेच नव्हते. तो बँकेचा खर्च नव्हता ना!

तोडायला एक सही पुरते, जोडायला पिढ्या लागतात. केंब्रिजजवळ जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर शास्त्रज्ञांनी रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या. ऑक्सफर्ड-ब्लेचली रूळ पुन्हा घातले गेले, २०२४ मध्ये त्यावरून चाचणीची गाडीही धावली. बेडफर्ड-केंब्रिजचा नवा मार्ग मात्र अजून कागदावरच आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: रेल्वेचा फाटा असो की बँकेची शाखा, बंद करण्यापूर्वी वळसा घालावा लागणाऱ्यांचा वेळ आणि पैसाही हिशेबात मांडावा. त्यानंतरही तोटाच दिसला, तर खुशाल कुलूप लावावे.

केंब्रिजला आम्ही गेलो, लंडनवरूनच. रात्री तिकिटांचा खर्च वहीत लिहिला आणि त्या खेड्यातली म्हातारी माणसे आठवली. त्यांच्या एसटीच्या तिकिटांचा हिशेब लिहायचा राहूनच गेला होता.