फार्स त्यांचा, पोलीस आपले

परवा जेवताना ऑफिसातल्या एका सीनियरने ज्ञान दिलं. (आमच्याकडे शुक्रवारी डब्यासोबत हे फुकट मिळतं.) म्हणे, "विनोदी नाटक ही इंग्रजांची देणगी. त्याआधी आपल्याकडे नुसते देव आणि राक्षस नाचायचे. स्वतःवर हसायला आपल्याला साहेबाने शिकवलं." माझा घास घशातच अडकला. संध्याकाळी रिलीज होता म्हणून तिथे वाद घातला नाही. आता शनिवार मोकळा आहे, तेव्हा मंडळी, ऐका.

त्यांचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करून टाकतो. मुंबईत १८४६ साली नाना शंकरशेठांच्या जागेवर ग्रँट रोड थिएटर उभं राहिलं. कोटातल्या साहेबांना ते लांब पडायचं, मग ते देशी मंडळ्यांना भाड्याने मिळू लागलं. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये तिथेच तिकीट लावून खेळ केला. मोठ्या नाटकाच्या शेपटाला छोटा 'फार्स' बांधायची इंग्रजी रीत पारशी आणि मराठी मंडळ्यांनी उचलली, नावासकट उचलली. देवलांचं 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फी नावाच्या माणसाच्या नाटकावरून आलं, आणि मर्फीने मोलिएरचा खिसा कापला होता. 'मोरूची मावशी' तर थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. ब्रँडन थॉमसचं 'चार्लीज आंट' १८९२ चं, लंडनला त्याचे १४६६ प्रयोग झाले. अत्र्यांनी ते मराठीत आणलं आणि १९८५ पासून विजय चव्हाणांनी लुगडं नेसून महाराष्ट्राला लोळवलं. नरडाण्याला आमच्या घरी ते टीव्हीवर लागलं की आबा जेवायचे थांबायचे. थॉमस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं हसू अडलं नाही.

उसनवारीची मला लाज वाटत नाही. आम्ही तर धंदाच ओपन सोर्सवर करतो. माझा आक्षेप 'स्वतःवर हसायला शिकवलं' या वाक्याला आहे.

साहेब नक्की कुणावर हसत होता? १८६०-७० च्या दशकांत डेव्ह कार्सन नावाचा विनोदी नट हिंदुस्थानभर फिरून 'बंगाली बाबू'ची नक्कल करायचा. मोडकं इंग्रजी, लाचार हावभाव, आणि गोरं पब्लिक खूष. १८७३ मध्ये कलकत्त्याच्या अर्धेंदुशेखर मुस्तफींनी उत्तर म्हणून साहेबाचीच नक्कल रंगमंचावर आणली, 'मुस्तफी साहेब का पक्का तमाशा'. इथवर हिशोब बरोबरीचा म्हणू.

पुढचा भाग मात्र त्या सीनियरला कुणीतरी फ्रेम करून द्यावा. १८७५-७६ च्या थंडीत प्रिन्स ऑफ वेल्स इकडे आला होता. कलकत्त्याच्या जगदानंद मुखर्जी नावाच्या वकिलाने त्याला घरी बोलावलं आणि थेट जनानखान्यात नेऊन बायकांकडून स्वागत करवलं. गावात बोंब झाली. ग्रेट नॅशनल थिएटरने फेब्रुवारी १८७६ मध्ये त्यावर फार्स केला, 'गजदानंद ओ युवराज'. पोलिसांनी तो बंद पाडला. मग मंडळींनी पोलिसांवरच फार्स केला! पोलीस कमिशनर होते हॉग, सुपरिंटेंडेंट होते लँब, म्हणून नाव ठेवलं 'द पोलीस ऑफ पिग अँड शीप'. (हे नाव सुचणाऱ्याला मी उभ्या उभ्या नोकरी दिली असती.) व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने तातडीने अध्यादेश काढला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नाट्यप्रयोग कायदा आला. सरकारला आक्षेपार्ह वाटेल तो खेळ बंद, आणि बंदी मोडली तर नटांसोबत पडदे आणि कपडेही जप्त! १९१० मध्ये याच कायद्याखाली खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी आली.

म्हणजे स्वतःवर हसायची पाळी आली तेव्हा साहेबाने काय केलं, तर कायदा केला. त्याच्या स्वतःच्या घरातही निराळं नव्हतं. लंडनला १८७३ मध्ये गिल्बर्टच्या 'द हॅपी लँड'मध्ये नट पंतप्रधान ग्लॅडस्टनसारखा नटून आला म्हणून लॉर्ड चेंबरलेनने प्रयोग अडवला होता. तिकडची ही नाट्य सेन्सॉरशिप १९६८ साली संपली.

आणि त्या १८७६ च्या कायद्यात एक मजेशीर कलम होतं. धार्मिक उत्सवातल्या जत्रा आणि तसले खेळ यांना कायदा लागू नाही! आमच्या खान्देशात यात्रेला तमाशा येतो. त्यातला सोंगाड्या पाटलापासून फौजदारापर्यंत सगळ्यांची सालं काढतो आणि ते पुढच्या रांगेत बसून हसतात. साहेबाने शिकवायच्या आधीपासून चालू असलेलं हे हसणं त्याने कायद्याबाहेर ठेवलं. बहुधा त्याला ते नाटक वाटलंच नसावं.

आता आपली पाळी. हा कायदा स्वतंत्र भारतात २०१८ पर्यंत पुस्तकात होता, तेव्हा कुठे रद्द झाला. पण महाराष्ट्रात आजही जाहीर प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि त्याचं मूळ पोलीस कायद्याखालच्या नियमांत आहे. 'सखाराम बाइंडर'चं भांडण १९७२ मध्ये हायकोर्टात गेलं. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाविरुद्ध याचिका केली. कविता छापायला, ब्लॉग लिहायला आधी शिक्का लागत नाही; चार पोरं स्टेजवर उभी राहून बोलणार असली की लागतो. का? बदनामी झाली तर कोर्ट आहे, दंगल झाली तर पोलीस आहेत. बोलायच्या आधीच कागद तपासायचा हा हॉग आणि लँबचा वारसा आपण कशासाठी जपतोय?

सवय तर आणखी खालपर्यंत झिरपली आहे. आमच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही मेसच्या ठेकेदारावर वीस मिनिटांचा फार्स बसवला होता. पातळ वरण हा मुख्य खलनायक. आदल्या दिवशी सरांनी स्क्रिप्ट मागवलं आणि लाल पेनाने निम्मं खोडून परत दिलं. सुट्टीत घरी आबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "हासाले बी परवानगी लागस का रे भो?"

आम्ही शेवटी ठेकेदाराला कोट-हॅट घालून 'मिस्टर जॉन' केलं. वरण तेच, डायलॉग तेच. खोडलेली सगळी वाक्यं परत मंजूर झाली, आणि प्रयोगात सर्वांत मोठ्याने हसत होते ते लाल पेनवाले सरच.