दाजींची स्टॉर्म आणि चार्जिंगचा लोचा

रविवारची रात्र, साडेनऊ वाजलेले आणि ताईचा फोन. आवाज एकदम शांत. आमच्या ताईचा आवाज शांत असला की समजायचं, मामला सीरियस आहे.

'दौलताबादच्या घाटात उभे आहोत. गाडीचे दिवे गेलेत. चार्ज असलेली बॅटरी मिळाली तर घेऊन ये.'

वेरूळहून परत येताना उतारावर हेडलाइट आधी पिवळे पडले, मग जवळजवळ विझलेच. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ही बुटकी गाडी अगदी शेवटच्या क्षणी दिसली. झालं काही नाही, पण होता होता राहिलं.

ही गाडी म्हणजे दाजींची सॅन स्टॉर्म. टू सीटर, टप उघडणारी, फायबरग्लासच्या बॉडीची, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन असलेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागली आणि फार थोड्या बनून बंदही पडली. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या दाजींनी ती सेकंडहँड घेतली. २०१० मध्ये एकाच दिवसात दीडशे मर्सिडीज घेणारं हे आपलं छत्रपती संभाजीनगर, पण क्रांती चौकात पोरं सेल्फी मागतात ते या स्टॉर्मसोबत!

दुसऱ्या दिवशी ताईने अल्टिमेटम दिला. 'पंधरा दिवस. रात्री भरवशाने चालली पाहिजे, नाहीतर विकायची.' दाजींनी माझ्याकडे पाहिलं. 'मेहुणीबाई, तुम्ही पत्रकार. काढा शोधून.' घ्या! मास कॉमला अल्टरनेटर सिलॅबसमध्ये नव्हता हो.

तरी शिकले. इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करतो तो अल्टरनेटर. पूर्वी हे काम डायनामो करायचा. सिलिकॉन डायोड स्वस्त झाले, १९६० मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर स्टँडर्ड दिला आणि हळूहळू डायनामो रिटायर झाला. ब्रिटिश स्पोर्ट्स कारची लाडकी एमजीबी १९६२ ची, पण तिला अल्टरनेटर मिळाला १९६७ मध्ये. त्याआधीच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस अर्थला असायचा. अशा गाडीला नेहमीचा अल्टरनेटर तसाच जोडला की डायोडचे बारा वाजलेच म्हणून समजा.

पहिला ऑटो इलेक्ट्रिशियन गाठला. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरीचा टर्मिनल काढायला हात घातला. 'गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला.' दाजींनी त्याचा हात वरच्या वर धरला. डायनामोच्या जमान्यातली ही ट्रिक. आज तसं केलं तर व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटरपासून इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत काहीही उडू शकतं. आम्ही नमस्कार केला आणि निघालो.

दुसरा वायरमन मोंढा नाक्याजवळचा. त्याने साधा मल्टिमीटर काढला. इंजिन बंद असताना चांगली चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू झालं की आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान जायला हवा. आमचा आकडा १२.१. पण त्याने लगेच 'बदला' म्हटलं नाही. म्हणाला, 'ताई, ही फायबरची गाडी आहे. आधी अर्थिंग बघू.' पत्र्याच्या गाडीत करंट बॉडीतून परत येतो. फायबरमधून येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी ओढून चासीला आणावी लागते. एक जोड काळा पडलेला निघाला. घासून घट्ट केल्यावर दिवे जरा उजळले, पण मीटर हलेना. म्हणजे दोषी अल्टरनेटरच.

आता चॉइस तीन.

पहिला, युरोपातून मागवायचा. हेच इंजिन तिकडे रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओत असायचं, त्यामुळे पार्ट मिळतो. पण कुरिअर, कस्टम्स आणि वाट बघणं आलं. शिवाय एसी असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे ब्रॅकेट आणि बेल्ट वेगळे असू शकतात, म्हणजे नुसतं गाडीचं नाव सांगून भागत नाही.

दुसरा, आपल्याकडच्या एखाद्या कारचा बसवायचा. दाजी यावर फिदा. एका दुकानदाराने ९० अँपिअरचा पुढे केला, 'जितका मोठा तितका भारी!' आम्ही कागद घेऊन हिशोब मांडला. हेडलाइटचे ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअर, त्यात रेडिएटरचा पंखा, ब्लोअर, फ्युएल पंप, इग्निशन, वायपर. बेरीज पस्तिसाच्या आसपास. सिग्नलला इंजिन संथ असताना अल्टरनेटर रेटिंगच्या निम्म्याच्या आसपासच देतो, म्हणून साठपासष्टचा असला की पुष्कळ. मोठा अल्टरनेटर बॅटरीत जबरदस्तीने करंट ढकलत नाही, गाडी मागेल तेवढाच देतो. पण कधी खरंच जास्त मागणी आली, तर जुनी बारीक वायर तापते. आणि त्या नव्वदवाल्याची पुली बेल्टच्या रेषेत बसेना. पाचेक मिलिमीटर बाहेर. म्हणजे चार महिन्यांत बेल्टचा भुगा, आणि पुन्हा तोच घाट.

तिसरा, आहे तोच खोलायचा. वायरमनने खोलला. वाइंडिंग शाबूत, डायोड शाबूत. कार्बन मात्र झिजून नखाएवढे उरलेले, बेअरिंग घरघर करणारं आणि रेग्युलेटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कटआउट, गेलेला. पंचवीसेक वर्षांच्या म्हाताऱ्याला एवढं तर होणारच! तिन्ही नवीन टाकले, बॅटरीकडे जाणारी वायर जाड केली, बेल्ट बदलला. बिल साडेतीन हजार. दाजी जरा हिरमुसले, त्यांना नवीन काहीतरी चकचकीत हवं होतं. इंपोर्टेड स्पेअर ते आता निवांत शोधतायत. वायरमनचं म्हणणं होतं, 'स्पेअर गाडी चालू असताना शोधायचा. अडकल्यावर मिळेल तो घ्यावा लागतो.' हे नोकरीलाही लागू आहे, नाही का?

चौदाव्या दिवशी रात्री टेस्ट. दाजी ड्रायव्हिंगला, शेजारी ताई, मागे स्कूटीवर मी, त्यांच्या टेल लॅम्पवर डोळा ठेवून. दौलताबादची कमान ओलांडून घाट चढलो, खुलताबादला चहा घेतला, परत उतरलो. दिवे, पंखा, वायपर सगळं चालू. लायटरच्या सॉकेटमध्ये दाजींनी छोटा व्होल्टमीटर खोचला होता. रस्ता सोडून ताई तोच बघत होती म्हणे.

घरी आल्यावर मी विचारलं, 'मग? विकायची?'

'साडेतेराच्या खाली एकदाही आला नाही,' ताई म्हणाली आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. 'पुढच्या रविवारी मी चालवणार.'

दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता!

जाता जाता

• आधी मीटर लावा, मग पाकीट काढा. टर्मिनल, अर्थिंग, बेल्ट आणि शेवटी अल्टरनेटर.
• दुसऱ्या गाडीचा घेताना कान, पुलीच्या खाचा, बेल्टची रेष, फिरण्याची दिशा आणि प्लग जुळवून बघा.
• इंजिन चालू असताना बॅटरी कुणालाही काढू देऊ नका. कितीही अनुभवी असला तरी.