डब्याच्या शोधात चार पावले
३ मे २००० रोजी अमेरिकेतील ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘जिओकॅशिंग’ हा शोधखेळ जन्मास आला. कुरुंदेकरांना त्यासाठी टोकाई गडाचा पायथा पुरेसा आहे. पडण्याच्या भयाने ज्या आजोबांचे फिरणे उंबऱ्याशीच थांबले, त्यांनाच डब्याची जागा ठरवू द्यावी. डबा कमरेच्या उंचीवर असावा. दगडांच्या सांदीत विंचवा-सापाचे भय असते. कोवळ्या उन्हात, काठी व पाणी घेऊन, सोबतीने निघावे. खुणा आजोबांनी सांगाव्यात, शोध नातवंडांनी घ्यावा. डब्यातील वहीत प्रत्येकाने आपले नाव व दिनांक लिहावा. वहीचे पुढील कोरे पान आजोबांना पुन्हा उंबऱ्याबाहेर बोलावील.